टिनटिन चौघांनी मिळून कसा वाचावा

'सिगार्स ऑफ द फेरो' या चित्रकथेत वाळवंटातला एक शेख टिनटिनला, म्हणजे या मालिकेच्या नायकाला, एका तरुण वार्ताहराला, ओळखतो. तुमच्या करामती आम्ही कधीपासून वाचतोय, असं म्हणतो आणि त्याचा नोकर पुरावा म्हणून एक पुस्तक समोर धरतो. आम्ही चौघं मिळून टिनटिन वाचतो, त्या बैठकीत माझी तेरा वर्षांची भाची नेमकी त्या चौकटीवर अडली. "मामा, हे तर 'डेस्टिनेशन मून' आहे. ते पुस्तक यानंतरचं ना?"

मी हे पुस्तक शाळेत असल्यापासून किमान दहा वेळा वाचलं असेल. मला ते कधीच दिसलं नव्हतं.

तिचं बरोबर होतं. 'सिगार्स' १९३२ ते १९३४ या काळात ब्रसेल्सच्या एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत क्रमशः आलं. 'डेस्टिनेशन मून' पुस्तकरूपाने आलं १९५३ मध्ये. म्हणजे शेखसाहेबांच्या तंबूत वीस वर्षांनी छापलं जाणारं पुस्तक आधीच येऊन पडलंय. उलगडा सोपा आहे : आज दुकानात मिळणारं रंगीत 'सिगार्स' हे १९५५ मध्ये नव्याने काढलेलं आहे, आणि तेव्हा हातासरशी ही गंमतही त्यात घातली गेली.

टिनटिन खोलात वाचायचा तर किल्ली हीच. प्रत्येक पुस्तकाला किमान दोन तारखा असतात. गोष्ट पहिल्यांदा कधी आली ती एक, आणि तुमच्या हातातली चित्रं कधी काढली गेली ती दुसरी. या दोन तारखा माहीत नसतील तर चर्चा कितीही रंगली तरी हवेतच राहते.

आधी पुस्तकं

जॉर्ज रेमी या बेल्जियन चित्रकाराने ही मालिका काढली. त्याच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली की आर. जी., आणि त्यांचा फ्रेंच उच्चार म्हणजे एर्जे. पहिली गोष्ट १० जानेवारी १९२९ ला सुरू झाली, आणि १९८३ मध्ये तो गेला तेव्हा शेवटची अर्धवट होती. एकूण चोवीस पुस्तकं. रंगीत पुस्तक बहुतेक बासष्ट पानांचं, म्हणजे भरभर वाचलं तर तासाभराचं काम.

विकत घेताना एक काळजी घ्या. तीन गोष्टी एकत्र बांधलेली छोट्या आकाराची पुस्तकं मिळतात. स्वस्त पडतात, प्रवासात बरी. पण त्यांतली पार्श्वभूमी मुंगीएवढी होते, आणि टिनटिनमधली निम्मी गंमत पार्श्वभूमीत असते. चर्चेसाठी मोठ्या आकाराची प्रतच हवी, गटात एक असली तरी चालेल. जुन्या पुस्तकांच्या दुकानात फाटक्या कव्हराची मिळाली तर खुशाल घ्या, फक्त आतली पानं मोजून घ्या. माझ्या एका प्रतीतली मधली चार पानं गायब आहेत आणि नेमकी तीच पाठलागाची आहेत.

गट चार-पाच जणांचा पुरे. आमच्यात मी, बायको, भाची आणि शेजारचे एक काका. काका निवृत्त ड्राफ्ट्समन, आयुष्य ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगच्या पेनांत गेलेलं. गटात एक तरी चित्र काढणारा माणूस असावा, असं माझं ठाम मत झालंय. आम्ही शब्दांवर बोलतो, काका रेषेवर. एका वेळी एकच पुस्तक, तीन आठवड्यांतून एक रविवार, जेवणानंतर. जेवणाआधी बसलात तर चर्चा कुकरच्या शिट्टीबरोबर संपते.

सुरुवात पहिल्या पुस्तकापासून करू नका

क्रमाने वाचायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पहिलं सोव्हिएत रशियातलं पुस्तक म्हणजे पळापळ आणि प्रचार, आणि दुसरं काँगो या बेल्जियमच्या तेव्हाच्या आफ्रिकी वसाहतीवरचं. या दोघांतून तावूनसुलाखून निघेपर्यंत गटातले दोघं गळतात. त्यांच्याकडे मागाहून यावं.

मी जोडीने सुरुवात सुचवतो : 'सिगार्स ऑफ द फेरो' आणि लगेच 'द ब्लू लोटस'. कथा एकातून दुसऱ्यात जाते, आणि एर्जे कुठे बदलला ते याच सांध्यावर दिसतं. 'सिगार्स'मधला इजिप्त आणि हिंदुस्थान हा मासिकांतून उचललेला माल आहे : फकीर, महाराजा, वेड लावणारं विष, हत्तींशी तुतारीने गप्पा. पुढची गोष्ट चीनमध्ये घडणार असं जाहीर झालं, तेव्हा १९३४ मध्ये एर्जेची गाठ ब्रसेल्समध्ये शिल्पकला शिकणाऱ्या चांग चोंग-जेन या चिनी तरुणाशी घालून दिली गेली. त्याने एर्जेला चीन समजावून सांगितला, ब्रश कसा धरायचा ते दाखवलं, आणि 'ब्लू लोटस'च्या रस्त्यांवरच्या पाट्या लिहून दिल्या. त्या पाट्या खऱ्या चिनी आहेत आणि त्यांतल्या काही चक्क राजकीय घोषणा आहेत, जपानी मालावर बहिष्कार टाका वगैरे. १९३१ मध्ये चीनमधल्या मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर झालेला स्फोट आणि त्याचं निमित्त करून जपानने केलेली चढाई कथेत जवळजवळ जशीच्या तशी आहे. जपानी मुत्सद्द्यांनी बेल्जियममध्ये तक्रारही केली होती.

आता गंमत बघा. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवा. आधीचं 'सिगार्स' दिसायला नवं, गुळगुळीत. नंतरचं 'ब्लू लोटस' जुनं, जरा ओबडधोबड. काका पहिल्या पाच मिनिटांत म्हणाले, "हे दोन वेगळ्या हातांचं काम आहे." हात एकाच चित्रशाळेचा, पण 'सिगार्स' १९५५ मध्ये पुन्हा काढलेलं, आणि 'ब्लू लोटस' १९४६ मध्ये रंगवताना सुरुवातीची काही पानं सोडली तर मूळ चित्रांवरच रंग चढवलेला. दोन तारखांचा मुद्दा याहून सोप्या रीतीने पटवता येणार नाही.

वही

एक दोनशे पानी वही घ्या आणि दर पुस्तकाला एक पान द्या. वर दोन तारखा, किंवा तीन. खाली त्या वर्षी जगात काय चाललं होतं ते चार ओळींत. बस्स. कथेचा सारांश लिहू नका, तो कुणी पुन्हा वाचत नाही.

'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड'चं पान नमुन्यादाखल सांगतो, कारण तिथे वहीची किंमत वसूल होते. या पुस्तकात टिनटिनचा तापट दर्यावर्दी दोस्त कॅप्टन हॅडॉक अचानक, कुठूनसा, ऐन वेळी उगवतो. तू इथे कसा, असं टिनटिन विचारतो. हॅडॉक सांगायला लागतो की ते तसं सोपं आहे आणि तसं गुंतागुंतीचंही आहे, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी मध्येच तोडतं. पुस्तक संपतं, खुलासा होतच नाही. लहानपणी मला वाटायचं की माझ्याकडून एखादं पान उलटायचं राहिलं.

आता तारखा लिहा. पहिली : १९३९ ते मे १९४०. जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं, वर्तमानपत्र बंद पडलं, गोष्ट अर्ध्यात तुटली. दुसरी : १९४८ ते १९५०, गोष्ट पुन्हा सुरू होऊन संपली. मधल्या काळात, १९४० च्या शेवटी सुरू झालेल्या 'द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज'मध्ये, हॅडॉकचा जन्म झाला आणि तो इतका लाडका झाला की त्याच्याशिवाय पान हलेना. म्हणजे गोष्ट सुरू झाली तेव्हा जो माणूस अस्तित्वातच नव्हता, त्याला तिच्यात घुसवायचं होतं. एर्जेने अडचण लपवली नाही, तिचाच विनोद केला. हॅडॉक खुलासा करू शकत नाही, कारण खुलासा नाहीच! तिसरी तारीख १९७१ : पहिल्या आवृत्त्यांत कथा ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये होती. इंग्लंडच्या प्रकाशकाला ती शिळी आणि अडचणीची वाटली, म्हणून ब्रिटिश सैनिक काढून सगळं खेमेद नावाच्या काल्पनिक देशात हलवलं.

तीन तारखा, आणि एका विनोदाचा पूर्ण हिशेब.

तीनदा वाचा, तिन्ही वेळा वेगळं

पहिलं वाचन जसं येईल तसं. झोपून, जेवताना, कसंही.

दुसरं वाचन संवादांचे फुगे न वाचता. सुरुवातीला अशक्य वाटतं, कारण डोळा अक्षरांकडे आपोआप जातो. आमच्या भाचीने युक्ती काढली, पुस्तक उलटं धरायचं. उलट्या पुस्तकात अक्षरं मुकी होतात आणि चित्राची मांडणी उघडी पडते : टिनटिन बहुतेक डावीकडून उजवीकडे पळतो, म्हणजे आपण वाचतो त्याच दिशेने, आणि अडथळा आला की चित्र उलट दिशेला वळतं. काकांनी याच वाचनात दाखवून दिलं की रेषेची जाडी जवळ-दूर सगळीकडे सारखीच आहे, छायाप्रकाशाची रेघोटी नाही, रंग सपाट. या पद्धतीला 'स्वच्छ रेषा' म्हणतात. "लपायला जागाच ठेवली नाही पठ्ठ्याने," काका म्हणाले. "आमच्यात असं ड्रॉइंग साहेबांकडे जायच्या आधी तीनदा तपासायचे."

तिसरं वाचन फक्त प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या चौकटीचं. गोष्टी हप्त्याहप्त्याने यायच्या. वाचकाने पुढच्या आठवड्यात परत यावं म्हणून हप्त्याच्या शेवटी काहीतरी लोंबकळत ठेवावं लागे : दार उघडतंय, कुणीतरी ओरडलंय, टिनटिन कुठेतरी बघून दचकलाय. पुस्तकात ती लय तशीच राहिली. युद्धात कागदाची टंचाई झाल्यावर तर दिवसाला चार-पाच चौकटींची एकच पट्टी मिळू लागली. त्या काळातल्या पुस्तकांत दर पट्टीच्या शेवटी छोटा हिसका आहे, पानाच्या शेवटी मोठा. मोजून बघा.

याच वाचनात एकेका चौकटीवर थांबायला शिका. 'क्रॅब'मध्ये हॅडॉक आरडाओरडा करत धावून येतो आणि वाळवंटातले लुटारू पळतात ती चौकट काढा. एक माणूस अजून जमिनीवर पडलेला, दुसरा उठतोय, तिसरा उभा राहून वळलाय, चौथा धावत सुटलाय. चार माणसं की एकाच माणसाचे चार क्षण? एर्जेला स्वतःला आवडलेल्या चित्रांत हे एक होतं. दुसरं 'रेड रॅकहॅम्स ट्रेझर'मधलं : हॅडॉक बेटावर पाऊल टाकतोय, मागे होडी नुकतीच वाळूला लागलीय, आणखी मागे जहाज नांगर टाकून उभं. जहाज थांबलं, होडी उतरवली, वल्हवत आले, किनारा लागला, हे सगळं एका चौकटीत. या दोन चौकटींवर आमचा पाऊण तास गेला आणि तो बैठकीतला सगळ्यात चांगला वेळ होता.

बोलायचं कसं

नियम एकच. पहिला अर्धा तास "आवडलं", "नाही आवडलं" म्हणायचं नाही. प्रत्येकाने एक चौकट आणायची, पान उघडून मध्ये ठेवायचं आणि आपण तिथे का थांबलो ते सांगायचं. बाकीच्यांनी बोट ठेवूनच उत्तर द्यायचं. बोट ठेवता येत नसेल तर तो मुद्दा पुढच्या अर्ध्या तासात.

एकाने पानाचा राखणदार व्हायचं. चर्चा भरकटली, म्हणजे कुणी सिनेमावर गेलं, कुणी आपल्या लहानपणावर, की त्याने पुस्तक पुढे सरकवायचं. लहानपणाच्या आठवणींना मी बंदी घातलेली नाही, पण त्या चहाबरोबर. टिनटिन म्हटलं की चाळिशीपुढचे आपण लगेच आठवणीत शिरतो आणि पुस्तक तसंच मिटलेलं राहतं.

आणि आवृत्ती जुळवून घ्या. आमची एकदा काँगोवरून खडाजंगी झाली. बायको म्हणत होती, टिनटिन काळ्या मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' असं शिकवतो, याहून उघड वसाहतवाद कुठला? मी म्हणत होतो, माझ्या पुस्तकात तर तो बेरीज शिकवतोय. अर्धा तास आवाज चढले. मग कळलं की तिने वाचली होती जुनी कृष्णधवल गोष्ट, माझ्याकडे १९४६ ची रंगीत. दोघंही खरं बोलत होतो. त्याच रंगीत पुस्तकाच्या पहिल्या चौकटीत थॉमसन आणि थॉम्पसन हे एकसारखे दिसणारे दोन गुप्तहेर उभे आहेत, जे मुळात 'सिगार्स'पर्यंत जन्मलेच नव्हते. गेंड्याच्या पाठीला भोक पाडून सुरुंग लावायचा प्रसंग तर स्कँडिनेव्हियातल्या प्रकाशकाच्या आग्रहावरून १९७५ मध्ये बदलला गेला.

अशा अवघड पुस्तकांना वळसा घालू नका, पण तारखा हातात धरून वाचा. 'द शूटिंग स्टार' १९४१-४२ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या ब्रसेल्समध्ये, जर्मनांच्या देखरेखीखाली निघणाऱ्या दैनिकात आलं. त्यात युरोपीय शास्त्रज्ञांच्या मोहिमेच्या आड येतो न्यूयॉर्कचा ब्लूमेनस्टाइन नावाचा धनको, नाक-डोळे अगदी त्या काळच्या ज्यूद्वेषी व्यंगचित्रांतले. युद्धानंतर नाव बदलून बोलविंकेल केलं, अमेरिकेच्या जागी साओ रिको नावाचा बनावट देश आणला. पुढे निघालं की बोलविंकेल हेही ज्यू आडनाव असतं! चेहरा मात्र तसाच राहिला. नाव बदलल्याने चित्र धुतलं जातं का, यावर आमच्यात एकमत झालं नाही. माझं मत : नाही. पण हेच पुस्तक काढणाऱ्या माणसाने सात वर्षं आधी 'ब्लू लोटस' काढलं होतं, ज्यात नदीतून वाचवलेला चांग नावाचाच एक मुलगा आणि टिनटिन एकमेकांच्या लोकांबद्दलच्या वेडगळ समजुती काढून हसतात. दोन्ही पानं समोरासमोर उघडी ठेवा आणि बोला. फक्त माणूस चांगला की वाईट, असा एका ओळीचा निकाल मागू नका.

आपल्यासाठी एक खास बैठक 'टिनटिन इन तिबेट'ची. यात दिल्ली आहे : दोन विमानांच्या मधल्या वेळात टिनटिन आणि हॅडॉक कुतुबमिनार, लाल किल्ला बघतात, आणि रस्त्यात बसलेल्या गाईला ओलांडायला गेलेला हॅडॉक तिच्या पाठीवर बसून सुसाट निघतो. काठमांडूत तो वाळत घातलेली लाल मिरची तोंडात टाकतो. 'सिगार्स'मधला हिंदुस्थान आणि हा १९५८-५९ मधला, यांत काय बदललं आणि काय अजून तसंच राहिलं, हे आपण ब्रसेल्सच्या वाचकापेक्षा जास्त नेमकं सांगू शकतो. भाची म्हणाली, गाय पटते. बायको म्हणाली, मिरची पटते, पण एवढी नाही.

याच पुस्तकात पांढरा रंग मोजा. त्या वर्षांत एर्जेचं लग्न मोडत होतं आणि त्याला पांढऱ्याशुभ्र रंगाची भयंकर स्वप्नं पडत. झुरिचच्या मनोविश्लेषकाने काम थांबवायचा सल्ला दिला होता. तो थांबला नाही, पानंच्या पानं बर्फाने भरली. या गोष्टीत खलनायकच नाही. शेवटच्या चौकटीत आहे तो दूर जाणाऱ्या काफिल्याकडे बघत एकटा उरलेला यती, म्हणजे हिममानव. ही माहिती मात्र दुसऱ्या वाचनानंतरच गटात सांगा. आधी सांगितलीत तर सगळ्यांना बर्फात फक्त स्वप्नं दिसतात, चित्र दिसत नाही.

हॅडॉकला मराठीत शिव्या द्यायला लावा

हा सगळ्यात धमाल भाग. आपण बहुतेक जण टिनटिन इंग्रजीत वाचतो, आणि इंग्रजी अनुवादकांनी बरंच काही नवं घडवलंय. मूळ फ्रेंचमधला मिलू हा कुत्रा इंग्रजीत स्नोई झाला, द्युपाँ जोडी थॉमसन-थॉम्पसन झाली. बंगालीत स्नोई आहे कुट्टुस, हिंदीत नटखट. इंद्रजाल कॉमिक्समध्ये फँटमला वेताळ आणि त्याच्या बंगाला देशाला डेंकाली म्हणत वाढलेल्यांना यात नवल वाटायला नको.

एक पान निवडा, हॅडॉक भडकलेला असेल असं, आणि प्रत्येकाने त्याचा मराठी अनुवाद करून आणा. अट ही की एकही शब्द खरी शिवी असता कामा नये. एर्जेची युक्ती हीच होती : मुलांच्या पानावर शिवी चालत नाही, म्हणून निरुपद्रवी पण आवाजाने दणकट शब्द. बाजारातल्या भांडणात कुणीतरी एका राजकीय कराराचं नाव शिवीसारखं फेकताना त्याने ऐकलं होतं, तिथून ही कल्पना. आमच्या वहीत जमलेले काही नमुने : बुरशी आलेल्या आंबोळ्या! वाकड्या शेपटीच्या अनुस्वारा! अपूर्णांका! तुटक्या रकारा! काकांचा "अरे टी-स्क्वेअरच्या" बाद झाला, कारण पुढचा शब्द त्यांनी ओठांतच गिळला तरी सगळ्यांना ऐकू आला.

फुग्याची जागा ठरलेली असते, हे अनुवाद करताना कळतं. मराठी वाक्य लांबतं आणि चित्रावर चढतं. मग कापायला लागता, आणि मूळ माणसाने काय काय कापलं असेल ते तेव्हा समजतं.

शेवटची बैठक

चोवीसावं पुस्तक 'टिनटिन अँड आल्फ-आर्ट' शेवटी ठेवा. ते १९८६ मध्ये जसं सापडलं तसंच छापलं गेलं : पेन्सिलीची घाईची रेखाटनं, खोडाखोड, कडेला टिपणं. बेचाळिसाव्या पानाशी टिनटिनला बंदुकीच्या धाकाने नेलं जातंय. त्याच्यावर पातळ पॉलिएस्टर ओतून त्याचं शिल्प करणार आहेत. पुढे कागद कोरा.

इतरांनी ही गोष्ट पुरी केल्याच्या प्रती फिरतात, त्या आधी बघू नका. कोरे कागद आणि पेन्सिली आणा, अर्धा तास लावा आणि प्रत्येकाने त्रेचाळिसावं पान काढा. चित्र येत नसेल तर काड्यांची माणसं चालतील. आमच्यात काकांनी फक्त इमारत काढली, अप्रतिम, पण तीत माणूसच नाही. बायकोने हॅडॉकला दार फोडून आत आणलं. भाचीच्या पानावर मोजून दोन चौकटी होत्या : पहिलीत स्नोई एका बंद दाराशी बसलाय, दुसरीत तोच, तसाच, फक्त दाराच्या फटीतून येणारा उजेड थोडा सरकलाय.

काकांनी ते पान मागून घेतलं. त्यांना रेषेची जाडी तपासायची होती.